कॉलरच्या आतले टाके

९ जानेवारी

आत्या,

तुझं पत्र मिळालं. तू विचारलंस, रडलीस का. नाही. आई रडते. बाबा बाथरूममध्ये नळ सोडून रडतात, त्यामुळे सगळ्या मजल्याला कळतं. मी नाही. छोट्याला जाऊन आज चार महिने झाले. मागे माझी दाढ काढली होती, आठवतं? तेव्हा गाल कसा झाला होता, आपलाच पण दुसऱ्याचा वाटणारा. चिमटा काढला तरी कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, भूल उतरायला लागली की दुखेल. तसं आहे, पण उतरत नाही.

काम चालू आहे. तू आलीस तेव्हा लाँड्री बघायला वेळच नव्हता, म्हणून सांगते. गल्लीत पाच-सहा भाषांची माणसं राहतात. खोल्या एवढ्याशा, कपडे वाळत घालायला जागा नाही, म्हणून सगळ्यांचे कपडे मालकीणबाईंकडे येतात. शाळेचे पांढरे शर्ट तर घराघरातून. पांढरे शर्ट सगळे सारखेच दिसतात. नावं घालावीत तर कुठल्या लिपीत? मालकीणबाईंची मला येत नाही, माझी त्यांना येत नाही. म्हणून प्रत्येक घराची खूण ठरवलेली आहे. कॉलरच्या आत रंगीत दोऱ्याचे टाके. कुणाची लाल फुली, कुणाची हिरवी चांदणी. आपल्या घराचे निळे तीन आडवे. टाके घालायचं काम माझं. मला माणसांची नावं येत नाहीत, पण खुणा सगळ्या पाठ आहेत.

संध्याकाळी कपडे लावताना मालकीणबाई वही घेऊन बसतात आणि म्हणतात, "बोल." मग मी एकेक कॉलर उलटून मोठ्याने सांगते, लाल फुली तीन, हिरवी चांदणी दोन. दिवसभरात माझा आवाज तेवढाच निघतो.

छोट्याचा एक शर्ट अजून रॅकवर आहे. त्या दिवशी तो धुवायला आला होता, छोट्या दुसरा घालून शाळेत गेला होता. धुऊन, इस्त्री करून ठेवला. तीन महिने कपडा कोणी नेला नाही की खोक्यात टाकायचा असा नियम आहे. मालकीणबाई रोज रॅक पुसतात. तो शर्ट उचलतात, फळी पुसतात, परत तिथेच ठेवतात.

शाळेसमोरचा रस्ता मी ओलांडत नाही. पलीकडची डिलिव्हरी असली की गोदामाकडच्या पुलावरून फिरून जाते. वीस मिनिटं जास्त लागतात, मालकीणबाई काही म्हणत नाहीत.

बाकी काही नाही. दुकानाच्या काचेवर बाहेरून वॉर्ड ऑफिसची नोटीस लावली आहे. मला इस्त्री करताना ती उलटी दिसते. शाळेसमोरचा रस्ता रुंद करणार आहेत, कुणाला काही म्हणायचं असेल तर १४ मार्चला सुनावणी आहे.

कानाचं यंत्र दुरुस्त झालं का?

तुझी घुमी


१७ जानेवारी

घुमे,

यंत्र दुरुस्त झालं, पण त्यातून शेजारणीचं सगळं ऐकू यायला लागलं म्हणून काढून ठेवलंय. मी बहिरी, तू घुमी. आपलं दोघींचं पत्रावरच बरं आहे.

नोटीस तू शेवटी लिहिलीस, माझ्या यंत्राच्या शेजारी! अगं, एकतीस वर्षं मी अशाच ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर काढली. नोटीस म्हटलं की अजून माझे पाय चपला शोधतात. नीट ऐक. रस्ता रुंद म्हणजे गाड्या दुप्पट वेगात. एकदा डांबर पडलं की पाच वर्षं त्याला कोणी हात लावत नाही, कितीही बोंबला. मागायचं ते आत्ताच मागायचं. शाळेसमोर पांढरे पट्टे, सिग्नल, आणि शाळा भरताना-सुटताना गाड्या थांबवणारा एक माणूस. शंभर घरांची संमती जोडली की अर्ज सुनावणीत घ्यावाच लागतो, तसा नियम आहे. शंभराला एक कमी असलं तरी शिपाई तो परत देतो.

तुझ्या बाबाला मी हे सांगणार नाही. त्याच्याने आत्ता होणार नाही. वहिनीला तर नाहीच. तू घरोघरी जातेस, तुला सगळे ओळखतात. अर्जाचा नमुना सोबत पाठवते. सह्या घे.

जेवतेस ना?

आत्या


३० जानेवारी

आत्या,

मला नाही जमणार.

तुला माहीत आहे मी आठवीत शाळा का सोडली. वाचायला उभं केलं की आवाज निघायचा नाही. बाई म्हणायच्या, आम्ही दिवसभर थांबायचं का? वर्ग हसायचा. तू म्हणतेस, घरोघरी जा. मी जाते, पण गठ्ठा देते, गठ्ठा घेते. बोलावं लागत नाही.

तरी तू सांगितलंस म्हणून तीन घरी कागद दाखवला. हिरव्या चांदणीवाल्या आजीने दार लावून घेतलं. मग ते का, हे वायरमनने सांगितलं. वायरमन म्हणजे मागच्या गल्लीतला, एकोणीसचा आहे, आमची इस्त्री बिघडली की येतो. बिघडली नसली तरी येतो. त्याचं म्हणणं, मी बोलत नाही ते बरं आहे, नाहीतर त्याचं ऐकलं कोणी असतं. तो म्हणाला, दोन वर्षांपूर्वी एकजण पाण्याच्या लाइनसाठी म्हणून सह्या घेऊन गेला. कागद इथल्या कुणाच्याच भाषेत नव्हता. सहा महिन्यांनी मागच्या चाळीतल्या अकरा घरांना खोल्या रिकाम्या करायला लावल्या, तुम्हीच सही केली म्हणून. तेव्हापासून इथे कागदावर कोणी काही लिहीत नाही.

"आणि लिहून तरी काय," तो म्हणाला, "आमचे लोक म्हणतात ऑफिसात तुमच्या लोकांचं चालतं. तुमचे म्हणतात आमच्या लोकांचं चालतं. खरं म्हणजे तिथे पंख्याशिवाय काहीच चालत नाही. आणि तो मी दुरुस्त केला म्हणून."

मी हसले नाही. तो म्हणाला, बरं, उधार राहिलं.

नमुना परत पाठवते.

घुमी


६ फेब्रुवारी

घुमे,

नमुना परत तुझ्याकडे पाठवला आहे. आणि सोबत दुसराही.

नियमांचं जुनं पुस्तक काढून बसले होते. प्रभाग समितीत सोळा ते एकवीस वयाच्या एका रहिवाशाची खुर्ची असते. शिक्षणाची अट नाही, मी तीनदा वाचलं. त्या खुर्चीवरच्या माणसाने आणलेला विषय सुनावणीत पहिला घेतात. ऑफिसला चिठ्ठी पाठवून विचारलं. तुमच्या वॉर्डातली खुर्ची तीन वर्षं रिकामी आहे. कुणीच अर्ज केला नाही. इतकी पोरं आहेत तुमच्या गल्ल्यांमधून, इतक्या भाषांची, आणि प्रत्येकाला वाटतंय की ती खुर्ची दुसऱ्याची आहे.

अर्ज भर. वय सतरा, पत्ता, सही. बोलावं लागत नाही, एवढं तर जमेल?

घुमे, मी स्पष्ट बोलणारी बाई आहे. तू लिहितेस काम चालू आहे, बाकी काही नाही, मला जमणार नाही. रोज त्या रस्त्याच्या कडेला उभी राहून इस्त्री करतेस. तुला छोट्याचं काहीच वाटत नाही का गं?

आत्या


२७ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र वाचून दोन आठवडे ठेवलं. रागावले नाही. तू विचारलंस त्याचं उत्तर मलाही हवं होतं.

काही वाटत नाही हे खरं आहे. सकाळी उठते, जेवण जेवण लागत नाही पण जेवते. आईने छोट्याची वही उघडली तर मी त्यातलं अक्षर कसं आहे ते बघते, बस्स. एकदा वाफेने हात भाजला. फोड आल्यावर कळलं.

खुर्चीचा अर्ज दिला. वायरमन सोबत आला. ऑफिसातल्या शिपायाला ती खुर्ची सापडेना. मग एका कोपऱ्यात मिळाली, फायलींचा ढीग होता तिच्यावर. वायरमन म्हणाला, "उठवा त्यांना, खऱ्या मेंबर आल्या." शिपाई हसला. मला पावती मिळाली.

आणि एकशे अठरा घरं झाली.

कसं झालं ते भेटलीस की सांगेन. मी बोलले नाही, एवढं सांगते. वायरमनने त्याच्या आणि आणखी दोन भाषांत सांगितलं, मालकीणबाईंनी त्यांच्या भाषेत. मालकीणबाई दुकान बंद करून आल्या. मी त्यांना दुकान बंद करताना पहिल्यांदा पाहिलं. हिरव्या चांदणीवाल्या आजीने या वेळी दार उघडलं, कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग मला एक केळं दिलं. मी दारातच खाल्लं, कारण त्या बघत होत्या.

तारीख जवळ आली. ऑफिसात सात तारखेला देणार.

घुमी


४ मार्च

घुमे,

एकशे अठरा! अगं, आमच्या ऑफिसात पुढारी लोकांना साठ जमायच्या नाहीत. मी शेजारणीकडे जाऊन यंत्र लावून सांगितलं.

मी मागच्या पत्रात जे विचारलं ते विसर. म्हातारी झाले पण जीभ सुधारली नाही.

प्रती तीन काढ. एकीवर पोच घे.

आत्या


७ मार्च

आत्या,

त्यांनी घेतला नाही.

खिडकीवर चष्मेवाले साहेब होते. त्यांनी पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, मग चष्मा काढून पुसला. म्हणाले, "हे काय आहे? भरतकामाचा नमुना?"

तुला मी सांगितलं नव्हतं. लोक सह्या करत नव्हते. पण लाँड्रीच्या वहीत कपडे मिळाल्याची खूण रोज करतात, ती कोणी नाकारत नाही, ती त्यांची स्वतःची आहे. म्हणून मी अर्जाच्या मागे तशाच रेघा मारल्या आणि प्रत्येकाने आपापली खूण काढली. लाल फुली, हिरवी चांदणी, दोन पिवळ्या रेघा. रंगीत पेन्सिली मी नेल्या होत्या. कुणी मन लावून काढल्या, एका माणसाने तर पेन्सिलीला टोक करायला लावलं. मला वाटलं, झालं की. आमच्याकडे हीच सही असते. नावं लागतील हे डोक्यातच आलं नाही, कारण मला नावं येतच नाहीत.

साहेब म्हणाले, नाव नाही, सही नाही, हे मी कुणाच्या नावावर चढवू? चांदणीच्या? मागे रांगेतले दोघं हसले. वर्गात हसायचे तसं.

वायरमन भांडायला लागला, त्याला बाहेर काढलं. मग मी कागद गोळा केले आणि पुलावरून फिरून दुकानात आले. साठ शर्ट होते. इस्त्री केली.

सुनावणी सात दिवसांवर आहे. एकशे अठरा घरी परत जाऊन सही मागितली तर ते म्हणतील, बघा, शेवटी सहीच मागायला आली. मग मला कुणी दारातसुद्धा उभं करणार नाही.

तुला हे सांगायचं नव्हतं. तू शेजारणीला सांगून बसलीस.

घुमी


९ मार्च, कुरियरने

घुमे,

घाईत लिहिते, अक्षर समजून घे.

ते साहेब चुकले. म्हणजे चुकले नाहीत, नियम माहीत असून बोलले नाहीत. सही नसली तरी निशाणी चालते. अंगठा, फुली, काहीही. अट एकच. ती निशाणी कुणाची हे ओळखणारा साक्षीदार सुनावणीत हजर पाहिजे आणि त्याने एकेक निशाणी सगळ्यांसमोर तोंडाने सांगितली पाहिजे. मग कारकून शेजारी नाव लिहितो. नियम क्रमांक सोबतच्या चिठ्ठीवर लिहिला आहे, तो त्या खिडकीत सरकव. बोलू नकोस, नुसता सरकव.

मला हा नियम कसा माहीत? घुमे, एकतीस वर्षांत निशाण्या असलेले अर्ज माझ्याकडेही यायचे. एक बाई होती, गवंडीकाम करणारी. वस्तीतल्या दिव्यासाठी चाळीस अंगठे घेऊन आली होती. साक्षीदार बोलवायचा म्हणजे दुपार जायची. वरच्या साहेबांना घाई असायची, मलाही असायची. मी म्हटलं, सह्या आणा. ती परत आली नाही. नियम तेव्हाही हाच होता, त्याच पुस्तकात, माझ्याच कपाटात. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

साक्षीदार तूच आहेस. दुसरं कुणी असूच शकत नाही. एकशे अठरा खुणा दुसऱ्या कुणाला पाठ आहेत?

तुला बोलावं लागेल. मी मागे लिहिलं होतं की बोलावं लागत नाही. ते आता खरं राहिलं नाही.

आत्या


१५ मार्च

आत्या,

सुनावणी काल झाली. मी क्रमाने लिहिते, नाहीतर राहून जाईल.

चिठ्ठी सरकवली. चष्मेवाल्या साहेबांनी वाचली, माझ्याकडे बघितलं, पुस्तक काढलं, परत माझ्याकडे बघितलं. "कुणी सांगितलं तुला हे?" मी चिठ्ठीवरच्या क्रमांकावर बोट ठेवलं. ते म्हणाले, बरं.

हॉल भरला होता. सगळे आपापल्या भाषेचे घोळके करून बसले होते, मध्ये खुर्च्या रिकाम्या ठेवून. आई आली होती, मी सांगितलं नव्हतं तरी. बाबा दाराशी उभे होते. मला त्या खुर्चीवर बसवलं. एक पाय हलतो तिचा.

पहिला विषय आपला. रस्त्याचे साहेब उठले आणि म्हणाले, शाळेसमोर पट्ट्यांची गरज नाही, आम्ही तीन दिवस सकाळी मोजणी केली, फक्त चौदा मुलं ओलांडतात. अध्यक्षबाईंनी विचारलं, मोजणी कधी केली? त्यांनी तारखा वाचल्या. मागून वायरमन ओरडला, "साहेब, तेव्हा शाळेला सुट्टी होती! ती चौदासुद्धा क्रिकेट खेळायला चालली होती!" लोक हसले, मग आपापल्या भाषेत एकमेकांना सांगून परत हसले. अध्यक्षबाईंनी टेबल वाजवलं. म्हणाल्या, मग खरी मुलं किती? कुणाकडे आकडा आहे?



आत्या, आकडा माझ्याकडे होता. शाळेचे शर्ट मी मोजते. कुठल्या घरात किती मुलं शाळेत जातात ते मला आईबापांपेक्षा आधी कळतं. नवीन लहान मापाचा शर्ट आला की समजायचं, धाकट्याला शाळेत घातलं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, साक्षीदार कोण? मी उभी राहिले. कागद हातात. चष्मेवाले साहेब पेन उघडून बसले. आणि आवाज निघाला नाही. मी लाल फुलीकडे बघत होते. किती वेळ गेला माहीत नाही. कुणीतरी खोकलं. अध्यक्षबाई घड्याळाकडे बघायला लागल्या. मला वाटलं, आता त्या म्हणतील, आम्ही दिवसभर थांबायचं का.

तेवढ्यात मागच्या रांगेतून मालकीणबाई म्हणाल्या, "बोल."

नेहमीसारखंच. संध्याकाळी वही उघडून म्हणतात ना, तसंच.

आणि मी बोलले. "लाल फुली, तीन."

डावीकडून एक माणूस उभा राहिला. त्याने स्वतःचं नाव सांगितलं. साहेबांनी लिहिलं आणि विचारलं, तीन काय? मी म्हटलं, शाळेत जाणारी मुलं. त्या माणसाने बोटं वर करून दाखवली, तीन. "हिरवी चांदणी, दोन." आजी उठल्या. "दोन पिवळ्या रेघा, एक." असं चाललं. मी वर बघितलं नाही. माणसं उठत होती, नाव सांगून बसत होती. काही जण आले नव्हते, त्यांच्यासाठी शेजारचे उठत होते, भाषा वेगळी असली तरी. नाव कसं उच्चारायचं ते साहेबांना तीन-तीनदा विचारावं लागत होतं. एका नावाला ते म्हणाले, "तुम्हीच लिहा हो इथे," आणि त्या बाईंनी येऊन स्वतःच्या लिपीत लिहिलं. पाऊण तास लागला.

शहाण्णवावी खूण आपली होती. मला लक्षात राहिलं नव्हतं ती मधे येईल. मी वरच्या खुणेनंतर खालची बोलत होते, सवयीने. "निळे तीन आडवे, एक."

आई उभी राहिली. नाव सांगितलं. साहेबांनी लिहिलं, एक.

मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. पुढची खूण बोलले. आई उभीच होती. बाजूच्या बाईंनी तिचा हात धरून तिला बसवलं.

शेवटी बेरीज झाली. दोनशे तीन मुलं. रस्त्याच्या साहेबांनी काहीतरी म्हटलं, की ती मुलं तिथूनच का ओलांडतात, पुढे पूल आहे ना. अध्यक्षबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पुलावरून वीस मिनिटं जास्त लागतात. मी जाते रोज, मला माहीत आहे." मग त्या म्हणाल्या, "तू का जातेस?" मी म्हटलं, "माझा भाऊ शाळा सुटली की दुकानात यायचा. माझ्याजवळ गठ्ठ्यांवर बसायला. सरळ यायचा, समोरून."

एवढंच बोलले.

मंजूर झालं. पट्टे आणि माणूस. सिग्नल पुढच्या वर्षी बघू म्हणाले. टाळ्या वाजल्या असं वायरमन सांगतो, मला ऐकू आलं नाही. बाबा घरी आल्यावर नळ न सोडता रडले.

एक विचारायचं आहे. दोनशे तीन लिहिलं गेलंय. दोनशे दोन पाहिजे. मी सगळ्यांसमोर साक्षीदार म्हणून चुकीचं सांगितलं. दुरुस्तीचा अर्ज कसा करतात? किती दिवसांत?

घुमी


२२ मार्च

घुमे,

दुरुस्तीचा अर्ज साध्या कागदावर करतात. सात दिवसांची मुदत असते. तुझं पत्र मला काल मिळालं, म्हणजे मुदत संपली. मी हे मुद्दाम तपासलं.

मुदत संपल्यावरही करता येतो. उशिराचं कारण द्यावं लागतं, वरचे साहेब सही करतात. तो नमुनाही माझ्याकडे आहे. मी काढून टेबलावर ठेवला, पाकिटावर तुझा पत्ता घातला. एकतीस वर्षांत माझ्या रजिस्टरमध्ये एक चुकीचा आकडा मी राहू दिला नाही, घुमे. रविवारी जाऊन खोडून आले आहे. लोक मला त्यावरून नावं ठेवायचे.

दुपारभर ते पाकीट समोर होतं. मग पत्ता फाडला.

राहू दे.

आत्या


२ ऑगस्ट

आत्या,

बरेच दिवस लिहिलं नाही. काम होतं. समितीच्या दोन बैठका झाल्या. मी बोलत नाही, पण वायरमन आणि आणखी सात-आठ पोरं मागे येऊन बसतात, वेगवेगळ्या गल्ल्यांतली. काय मागायचं ते मला चिठ्ठीवर देतात, मी सरकवते. चष्मेवाले साहेब आता चिठ्ठ्यांसाठी एक डबा ठेवतात.

पट्टे मारले. माणूसही नेमला, हातात लाल झेंडा असतो. आदेशाची प्रत दुकानाच्या काचेवर लावली आहे. आतून उलटी दिसते. मी बाहेर जाऊन वाचली. विद्यार्थी संख्या, दोनशे तीन.

शर्ट रॅकवरच आहे. परवा आई दुकानात आली होती. मालकीणबाईंनी तो काढून तिच्या हातात दिला. आईने कॉलर उलटली, टाके बघितले, आणि परत दिला. मालकीणबाईंनी फळी पुसून जागेवर ठेवला.

आज पलीकडची डिलिव्हरी होती. सहा गठ्ठे. मी पुलाकडे निघाले, मग परत आले. झेंडेवाल्याने गाड्या थांबवल्या. पट्टे मोजत गेले, अकरा आहेत. काही वाटलं नाही.

पलीकडे पोचले आणि पाय दुखायला लागले. इतके, की शाळेच्या पायरीवर बसावं लागलं. पुलावरून इतके महिने चालले, कधी दुखले नव्हते.

अजून दुखतायत. म्हणून बसून लिहिलं.

घुमी